कस्तुरीचे पंजे आणि तीन खरारे

एका राज्यात झोप उरली नव्हती. पहारेकरी भाल्याला टेकून ताटकळत, आया रडणारी लेकरे खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालीत, आणि राजा धरणीधर सिंहासनावर बसून तेच ते प्रश्न पुन्हा विचारी.

घडले ते असे. करालकेतू नावाचा मांत्रिक खजिना लुटायला आला, तेव्हा राजद्वारी कस्तुरी नावाच्या कुत्रीने त्याला अडवले. त्याने जाता जाता शाप दिला, “तुझ्या पंजांत गोखरू उगवेल. ते निघेपर्यंत या भूमीवर कुणाचाही डोळा लागणार नाही.” त्याच क्षणी तिच्या बोटांच्या बेचक्यांत सोनेरी काटे उगवले. कुणी ओढून काढला, तर रक्त येई आणि एकाच्या जागी दोन फुटत. हळूहळू पंजे इतके हुळहुळे झाले, की कस्तुरी कुणाला जवळ येऊ देईना.

शेवटी राजकन्या हेमवती मांत्रिकाच्या गुहेकडे निघाली. वाट दाखवायला एक बोलकी साळुंकी पुढे उडत होती. तीही थकलेली, दर झाडावर विसावत होती.

गुहेच्या तोंडाशी करालकेतू बसला होता. डोळे तांबारलेले, दाढीत पाचोळा.

“तुलाही झोप नाही?” हेमवतीने विचारले.

“गुहाही याच भूमीवर आहे,” तो म्हणाला. “शाप दिला, पण परत घेता येत नाही. आत जनावराचे अंग विंचरायचे तीन खरारे आहेत. त्यांतल्या एकानेच गोखरू निघेल. एकच घेऊन जायचा. चुकलीस, तर कुत्रीचे पंजे दगडाचे होतील.”

आत शिळेवर तिन्ही मांडले होते. एक सोन्याच्या तारांचा. दुसरा रानडुकराच्या राठ केसांचा. तिसरा करडाच्या पोटाखालच्या लोकरीचा, मळकट. हेमवतीने तिन्ही तळहातावर फिरवून पाहिले. तिला काहीच फरक कळेना.

साळुंकी म्हणाली, “राजकन्ये, जागरणाने हात बधिर झालेत. पापणीवर फिरव.”

सोन्याच्या तारांनी पापणीवर रक्ताचा थेंब आणला. राठ केसांनी डोळ्यांत पाणी आणले. तिसरा फिरला, तो तिला जेमतेम जाणवला.

“त्याने धूळसुद्धा निघायची नाही,” करालकेतू बाहेरून म्हणाला.

हेमवती क्षणभर घुटमळली. मग तिने तिसराच उचलला.

राजवाड्यात कस्तुरी गुरगुरली. हेमवतीने खरारा तिच्यापुढे ठेवला आणि शेजारी फरशीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने कस्तुरीने तो हुंगला. मग हेमवतीने आधी पाठीवरून तो फिरवला, मग खांद्यावरून, केसांच्या वळणाने. पायाशी येताच कस्तुरीने पाय आखडला. हेमवती थांबली, पुन्हा पाठीकडे गेली.

“जोर लाव,” राजा म्हणाला. त्याला उभे राहवत नव्हते. “प्रजा मरायला टेकली आहे.”

“जोर सगळ्यांनी लावला, बाबा.”

राजाही हळूच तिच्याजवळ खाली बसला.

उन्हे कलली, दुसरा दिवस उजाडला. हेमवतीची मान लुळी पडत होती. तेव्हा कस्तुरीने आपण होऊन एक पंजा तिच्या मांडीवर ठेवला. हेमवतीने तो खालून अलगद धरला. लोकरीचा खरारा बेचकीतून फिरला. एक काटा सैल झाला आणि पिकल्या पानासारखा गळून पडला. रक्त नाही, त्याच्या जागी दुसरा नाही. कस्तुरीने मोठा श्वास सोडला आणि दुसरा पंजा पुढे केला.

शेवटचा काटा भर दुपारी पडला. पहारेकरी उभ्या जागी कलंडले. आया लेकरांसह अंगणातच निजल्या. राजा मुलीच्या खांद्यावर डोके टेकून घोरू लागला आणि हेमवतीचाही डोळा लागला. साळुंकीने पंखात चोच खुपसली. दूर गुहेत करालकेतू आडवा झाला. झोपेत त्याचे सारे मंत्र ओठांवरून ओघळून गेले, ते पुन्हा त्याला कधी आठवले नाहीत.

जागी राहिली ती कस्तुरी. चारी पाय नीट टेकून ती उठली, निजलेल्यांना ओलांडत राजद्वाराशी गेली आणि सारे राज्य उठेपर्यंत पहाऱ्याला बसली.