शिंजिरासाठी लाल बाटली

माणसं ऐकत नसत, म्हणून झाडं भांड्याकुंड्यांशीच बोलत, तेव्हाची ही गोष्ट.

मृणालिनीबाईंच्या अंगणातल्या जास्वंदीवर मध प्यायला एक शिंजीर येई. एवढासा जांभळा पक्षी, बाकदार चोच. तो खिडकीशी आला तर पाहुण्यांना दाखवता येईल, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी साखरपाण्याची लाल बाटली आणून खिडकीत टांगली.

बाटली ऐटीत म्हणाली, "जास्वंदीबाई, आता तुम्ही आराम करा. माझ्याकडे बारा महिने गोड असतं."

"नुसत्या गोडावर संसार होत नाही गं," जास्वंद म्हणाली. "त्याची बायको माझ्या फांदीला घरटं विणतेय. त्याला कोळ्याची जाळी लागतात, पिल्लांना भरवायला किडे लागतात."

"इश्श! जाळी आणि किडे? चांगल्या घरात असलं काही नसतं."

पाहुणे यायच्या दिवशी बाईंनी पदर खोचून झाडू घेतला आणि कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं काढली. जास्वंदीला वाळक्या पानांचा, जाळ्यांचा एक पुंजका लोंबत होता. "शी, किती हा कचरा!" म्हणत त्यांनी तोही ओढून टोपलीत टाकला. शिंजिराची जोडी थोडा वेळ त्या रिकाम्या फांदीभोवती फिरली आणि शेजारच्या ओसाड परसात निघून गेली.

पाहुणे बाटलीकडे बघत बसले. चहा निवला, तरी पक्षी काही आला नाही.

बाईंनी सुस्कारा सोडला. "एवढं सगळं करूनही फिरकत नाहीत मेले! हल्ली पक्ष्यांतसुद्धा माणुसकी राहिली नाही."