जेठासरचं अळणी ताट

जेवायला कुठं जायचं ते मला विचारलंत, बरं केलंत. लॉजवाल्याला विचारलं असतंत तर त्यानं किल्ल्याशेजारच्या गच्चीवर पाठवलं असतं. तिथं पनीर खाऊ घालतात आणि वर नाच दाखवतात. एवढं वाळवंट तुडवून जेठासरला यायचं आणि पनीर खायचं? या माझ्या मागून. ही चुल्ह्यांची गल्ली. आटपाडीहून गलाईच्या धंद्याला, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, मी इथं आलो त्याला बेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून बाहेर जेवायचं म्हणजे माझं इथंच. बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, कढी आणि लसणाची चटणी.

एक मात्र आधीच ऐकून ठेवा. ताट अळणी येईल. भाजीत मीठ नाही, कढीत नाही, चटणीतसुद्धा नाही. ओरडू नका. ताट वाढून झालं की मालक मिठाचं मडकं घेऊन तुमच्यासमोर उभा राहील आणि विचारेल, "किती निघालात? किती पोचलात?" तुम्ही सांगलीहून सहा निघालात, मावशी तापानं जोधपुरातच राहिल्या, तर तसंच सांगायचं. सहा निघालो, पाच पोचलो, एक आजारी आहे. मग ताटात मीठ पडेल. गेल्या दिवाळीत एकानं थट्टेनं सांगितलं, "शंभर निघालो." तो शेवटच्या घासापर्यंत अळणी जेवला. मला त्याची जराही दया आली नाही.

याची कथा अशी सांगतात. तेव्हा जेठासर हे शहर नव्हतं, वाळवंट ओलांडणाऱ्या काफिल्यांचा मुक्काम होता. या गल्लीत चौदा चुली होत्या आणि येणारा जाणारा इथंच जेवायचा. उपाशी माणसाला चुलीवरून परत पाठवायचं नाही, हा इथला एक कायदा. ज्यानं आपलं मीठ खाल्लं त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, मग तो बापाचा खुनी का असेना, हा दुसरा. हे दोन कायदे मोडले तर वाळवंटात कोणी जगणार नाही, असं लोक मानत.

यातली एक चूल धापू नावाच्या बाईची होती. तिचा नवरा खेता वाटाड्या होता, त्याचे तिघे धाकटे भाऊही वाटाडेच. एका वैशाखात खेता जालम नावाच्या म्होरक्याचा काफिला घेऊन येत होता. जालम, त्याचे दहा उंटवाले आणि खेता, असे बारा जण निघाले. वाटेत वादळात दोन दिवस गेले आणि पाणी कमी पडलं. जेठासरचा किल्ला लांबून दिसू लागला तेव्हा जालमच्या डोक्यात आलं की आता वाट दाखवणाऱ्याची गरज उरली नाही, त्याच्या वाट्याचं पाणी मात्र उरलं आहे. त्यानं खेताची पाण्याची पखाल आणि उंट काढून घेतला आणि त्याला तिथंच सोडला. खेता म्हणे कोसभर उंटांच्या मागं धावला. मागं वळून कोणी पाहिलं नाही.

काफिला विहिरीपाशी उतरला तेव्हा धापू तिथं पाणी भरत होती. एका उंटावर तिला ती पखाल दिसली. तोंडाशी लाल दोऱ्याची दुहेरी शिवण होती, ती तिच्याच हातची. पखाल अजून अर्धी भरलेली होती. तिनं विचारलं तेव्हा जालम म्हणाला, "साप चावला त्याला." बाई तिथं रडली नाही. तिन्ही दीर उंट घेऊन त्या वाटेनं गेले आणि दुसऱ्या दिवशी खेताचं प्रेत घेऊन आले. सापाच्या दाताची खूण अंगावर कुठंच नव्हती. तोंडात वाळू होती.

ते वेशीत शिरल्याची बातमी जालमला लागली. माणूस हुशार होता. तो पळाला नाही. भर दुपारी आपल्या दहा माणसांना घेऊन थेट धापूच्या चुलीसमोर जाऊन बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "भूक लागलीय, बाई. वाढ."

सगळी गल्ली गोळा झाली. बाई कात्रीत सापडली. वाढलं नाही तर कायदा मोडला, आणि वाढलं तर खेताचा मारेकरी कायमचा सुटला. विचार करा, नवऱ्याची चिता अजून रचायची होती. आणि हा बसलाय पाटावर!

धापूनं पीठ मळायला घेतलं. भाकऱ्या थापल्या, भाजी केली, अकरा ताटं वाढली. जालमनं सगळ्यांना दिसेल असा भला मोठा घास घेतला. मग त्याचं चावणं थांबलं.

"मीठ नाही यात," तो म्हणाला.

"देते की," धापू मडकं घेऊन उभी राहिली. "किती निघालात?"

"अकरा."

"किती पोचलात?"

"अकरा."

"मग मीठ नाही."

तोवर तिघे दीर येऊन समोर बसले होते. तलवारी मांडीवर होत्या. मीठ पोटात गेलं नव्हतं, म्हणजे कायदाही आड नव्हता, हे जालमच्या माणसांना आता कळलं. एक उंटवाला पुटपुटला, "बारा निघालो, अकरा पोचलो." धापूनं त्याच्या ताटात मीठ टाकलं. मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. कालपासून दहाही जणांनी तोंडं शिवली होती, पण सगळा दोष एकाच्या माथी मारून मोकळं व्हायची संधी कोण सोडतो? शेवटी जालम एकटा उरला. त्यानं तलवारींकडं पाहिलं आणि तोही म्हणाला, "बारा निघालो. अकरा पोचलो."

धापूनं त्याच्याही ताटात मीठ टाकलं आणि त्यानं घाईनं घास गिळला. दीर खवळून उठले. ती म्हणाली, "खाली बसा, देवरजी. आता त्यानं आपलं मीठ खाल्लंय."

दहा उंटवाल्यांना वाटाड्या मिळाला, ते गेले. जालमला मिळाला नाही. खेताला सोडणारा ज्या काफिल्यात असेल त्याच्या पुढं चालायला जेठासरातला एकही वाटाड्या तयार नव्हता, आणि चारी बाजूंना चार-चार दिवसांची वाळू. तो राहिला. गल्लीतल्या बाकीच्या तेरा चुलींनी सांगितलं, तुझी चूल धापूची. उपाशी कोणी ठेवलं नाही, बोटही कोणी लावलं नाही. दिवसातून दोनदा तो धापूकडं यायचा. दोनदा ताट अळणी असायचं. दोनदा ती विचारायची आणि खेताच्या भावांदेखत त्याला उत्तर द्यावं लागायचं. अशी अठरा वर्षं. पुढं पुढं तो भावांचे पाय धरायचा, म्हणायचा, मारून टाका मला. ते म्हणायचे, "कसं मारणार? तू आमचं मीठ खाल्लंयस."

क्षमा वगैरे मला सांगू नका. मी असतो तर मीही हेच केलं असतं, फक्त अठरा वर्षं धीर धरणं मला जमलं नसतं.

मग धापू वारली. असं सांगतात की तिचं तेरावं झाल्यावर जालमनं पगडी धुतली, नीट बांधली आणि कित्येक वर्षांनी ताठ चालत शेजारच्या चुलीवर गेला. ती चूल गवरी नावाच्या पोरसवदा सुनेची होती. खेता गेला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तिनं ताट वाढलं. जालमनं घास घेतला. अळणी. मान वर केली तर गवरी मडकं घेऊन उभी. "किती निघालात?"

त्यानं ताट लाथाडलं. पुढच्या चुलीवर गेला, तिच्या पुढच्या चुलीवर गेला. तेराही चुलींवर अळणी ताट आणि तोच प्रश्न. त्याला एकट्याला विचारलं तर इतरांचं जेवण पाहून तरी तो घटकाभर विसरेल, म्हणून बायकांनी त्या दिवसापासून गल्लीत येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं ठरवलं. आणखी चार वर्षं तो जगला. तो गेल्यावर थांबूया, असं मात्र कोणी म्हणालं नाही.

खेताची समाधी दाखवा म्हणाल तर ती कुठंच नाही. आजही या गल्लीत रोज शेकडो माणसं जेवतात, आणि वाटेत कोणाला सोडून आलो ते सांगितल्याशिवाय इथं एकालाही मीठ मिळत नाही.