न बोललेल्या शब्दांची तलवार

एका राज्यात सगळंच चौकोनी होतं. डोंगर चिऱ्यांचे, ढग चिऱ्यांचे. सूर्यसुद्धा चौकोनी उगवे आणि चौकोनीच मावळे. झाडाचा बुंधा काढून नेला तरी शेंडा हवेत तसाच राही, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

अंधार पडला की तिथे जमिनीतून काळोखे उगवत. त्यांना डोळे नव्हते, नुसतं तोंड होतं. घाटाच्या माथ्यावर एक पाषाणपुरुष बसलेला होता, त्याचे दोन्ही डोळे हिऱ्याचे. त्याची नजर जिथवर पोचे तिथवर काळोखे उगवत नसत. नजरेआडच्या गल्ल्यांत मात्र उगवत, म्हणून घरोघरी लोखंडी दार असे.

त्या राज्यात काही घडवायचं तर रीत अशी. नऊ चौकोनी घरं आखलेला पाट घ्यायचा, घरांत सामान मांडायचं आणि म्हणायचं, "हे अमक्याचं, मागून घेतलं." मग पाट वस्तू देई. न बोलता मांडलं तरी देई. पाट कधी नाही म्हणत नसे.

राजा धवलसेनाच्या पदरी रायाजी नावाचा पहारेकरी होता. त्याची पहिली तलवार लाकडाची. परसातल्या बाभळीला विचारून त्याने लाकूड घेतलं, पाटावर मधल्या ओळीत मांडलं, रीतीचे शब्द म्हटले. तलवार झाली. सोबतीचे पहारेकरी मात्र हसले.

"रायाजीराव, हिने काळोखा मारायचा की भाकरी उलटायची?"

ते त्याच्या मनाला लागलं. त्याने नदीकाठचे दोन चिरे उचलून आणले आणि तलवारीला दगडी पातं चढवलं. नदीकाठचे चिरे कुणाचे असणार? तो पाटापुढे काही बोलला नाही.

मग लोखंड हवंसं झालं. गावाच्या टोकाला हौसाबाईचं घर होतं. हौसाबाई माहेरी गेलेली, नवरा शेतावर. रायाजीने त्यांच्या दाराचे दोन पत्रे काढून नेले. उद्या बसवून देऊ, असं मनाशी म्हणाला. पाटापुढे गप्प राहिला.

नवरा परतला तोवर अंधार पडला होता. उघड्या घरात काळोखा शिरला, आणि हौसाबाईचा नवरा गेला. ओरडा ऐकून रायाजी धावला. नव्या लोखंडी तलवारीने त्याने काळोख्याचे दोन तुकडे केले. दार काळोख्यानेच मोडलं असं सगळे समजले. गावाने रायाजीला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून खाली उतरून खरं सांगायला छाती लागते; ती त्याच्यापाशी नव्हती.

लोकांनी वीर म्हटलं की वीर राहावं लागतं. रायाजी घाट चढला, पाषाणपुरुषाचे डोळे काढले आणि तलवारीला हिऱ्याचं पातं चढवलं. तिसऱ्यांदाही तो बोलला नाही. त्याने तलवार उचलली, आणि मूठ तळहाताला चिकटली ती सुटेचना.

आता नजर नव्हती, म्हणून काळोखे भर चौकात उगवू लागले. रायाजी ते मारी आणि लोक म्हणत, "वीर असावा तर असा! झोपेतसुद्धा तलवार खाली ठेवत नाही." ठेवता येत नाही, हे घरचं माणूस आणि राजाचा मांत्रिक एवढेच जाणून होते.

तो डाव्या हाताने जेवे, भिंतीकडे तोंड करून. बायको सगुणा म्हणे, "हिच्यापेक्षा सवत आणली असतीत तर निदान पाण्याला तरी गेली असती." म्हणे आणि डोळे पुसे. दर बाजाराच्या दिवशी हौसाबाई लोण्याचा गोळा घेऊन येई, त्याच्या पायांवर डोकं ठेवी. "दादा, तुम्ही होतात म्हणून माझ्या धन्याचा वैरी मेला." ते लोणी रायाजी खाई, पण त्याला गोड लागत नसे.

त्याची लेक शेवंती आधी बाबाकडे हात पसरून धावे. पात्याच्या भीतीने तो मागे सरे. हळूहळू पोरीने हात पसरणं सोडलं.

राजाने रायाजीला सेनापती करायचं ठरवलं. निरोप आला तसा रायाजी उठून नदीवर गेला आणि पाण्याशी मान खाली घालून बसला. तिथे एक टिटवी होती. ती म्हणाली,

"रायाजी, हात कुणाला दाखवलास?"

"राजाच्या मांत्रिकाला. तो म्हणाला, हा मंत्र कुणी घातलेला नाही. न बोललेल्या शब्दांचा आहे."

"मग ते बोल. पाट पाठीला बांध. ज्याचं घेतलंस त्याच्यापुढे मांड आणि सांग. शेवटचं आधी, पहिलं शेवटी."

रायाजी घाट चढला. पाषाणपुरुषापुढे पाट मांडला, तलवारीसकट हात त्यावर ठेवला. "हे हिरे तुझे. न मागता घेतले." हिरे सुटून पडले. त्याने ते खोबण्यांत बसवले.

पाषाणपुरुष म्हणाला, "डोळे गेले तेव्हा शेवटचा तुझाच चेहरा पाहिला होता. आता पहिलाही तुझाच."

त्या नजरेपुढे रायाजीला मान वर करता येईना. खाली चौकात उगवू पाहणारे काळोखे जमिनीत जिरले.

मग हौसाबाईचं घर. दाराच्या जागी अजून गोणपाट होतं; रात्री ती शेजारी निजायला जाई. ती लगबगीने उठली. "या दादा, या! पाट कशाला आणलात? बसायला घोंगडी देते की."

"बसत नाही, वहिनी." त्याने पाट उंबऱ्यावर मांडला. शब्द येईनात. ती वाट पाहत हसत उभी होती, आणि ते हसू आपल्या हातानेच पुसायचं होतं. "हे लोखंड तुमच्या दाराचं. न मागता घेतलं. काळोख्याने दार मोडलं नाही. दार नव्हतंच."

पत्रे खणकन पडले. हौसाबाईने खाली बसून पत्र्यांवरून हात फिरवला.

"माझं लोणी खाल्लंत तुम्ही," ती म्हणाली.

"खाल्लं."

"मी पाया पडले तुमच्या."

रायाजीने वाकून पत्रे उचलले.

"दार बसवून द्या. मग जा."

त्याने डाव्या हाताने, तलवारीने टेकू देत, दार बसवलं. ती आत गेली. तिने दार लोटलं आणि आतून कडी घातली. इतक्या दिवसांनी त्या दाराला कडी लागली, ती त्यालाच बाहेर ठेवण्यासाठी.

राहिले चिरे. रायाजी नदीवर आला. "टिटवीबाई, हे चिरे कुणाचे ते तू सांग. मला ठाऊक नाही."

"ठाऊक असणार कसं? त्यांच्या आडोशाला माझी अंडी होती. तू आडोसा नेलास, पाणी आलं, अंडी गेली."

"आणि तरी मला वाट सांगितलीस?"

"तू विचारायला येशील म्हणून थांबले होते."

रायाजी वाळूत गुडघ्यांवर बसला. लोखंडाची लाज त्याने आजवर बाळगली होती; या चिऱ्यांची तर त्याने लाजसुद्धा ठेवली नव्हती. "हे चिरे तुझे," तो म्हणाला, "न मागता घेतले." चिरे सुटले. ते त्याने होते तिथे मांडले.

हातात बाभळीची तलवार तेवढी उरली. ती अलगद वाळूत पडली.

दरबारात रायाजी रिकाम्या हाताने उभा राहिला आणि सगळं सांगितलं. खांद्यावर घेणाऱ्यांनी माना फिरवल्या.

राजा म्हणाला, "सेनापतीचा शेला काढून ठेवला आहे. तो कुणाला घालू?"

"घाटावर बसलाय त्याला घाला, महाराज."

"आणि तुला काय देऊ?"

"दारं बसवायचं काम द्या."

राजाने ते दिलं, आणि दवंडी पिटवली, की रीतीचे शब्द म्हटल्यावाचून पाटावरून कुणी काही उचलू नये.

रायाजी घरी आला. हात पसरून बसला. शेवंती लांब उभी राहून त्या हाताकडे बघत होती. मग जवळ आली, तळव्याला बोट लावलं. "बाबा, हा गार आहे," म्हणाली, आणि मांडीवर चढली. सगुणेने ताट वाढलं. तो उजव्या हाताने जेवला, भिंतीकडे पाठ करून.

हौसाबाई पुन्हा लोणी घेऊन आली नाही. यावं असंही काही नव्हतं. सूर्य कलला की रायाजी तिच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राही. आतून कडी लागल्याचा आवाज आला की घरी परते.

ज्याचं त्याला पोचलं, आणि गोष्टीच्या दारालाही कडी लागली.