तिसरी आई

एका राज्यात राणीचं तान्हं बाळ गेलं, आणि त्याच दिवशी एक जादूगार आपला आईवेगळा नातू घेऊन राजवाड्याच्या दारी आला. म्हणाला, "महाराणी, याला दूध पाजा." राणी दुःखाने आंधळी झाली होती. ती कडाडली, "परकं पोर माझ्या अंगाला लागलं, तर हात तोडीन!"

जादूगाराने शाप दिला, "मग या राज्यात कुणालाच पान्हा फुटणार नाही." एवढं बोलून त्याचं धुकं झालं. राग असा, की नातू उंबऱ्यावरच राहिला हेही भान नाही! ते पोर राजगोठा सांभाळणाऱ्या धुरपाने उचललं.

तीन दिवसांत सगळ्या गायी आटल्या. वासरं उभ्या उभ्या कोसळू लागली. धुरपा पोराला बोटाने पेज चाटवी, तर तीही पोटात ठरेना. राजाने नगारे वाजवले, वैद्य बोलावले. नगाऱ्याने कुठे पान्हा फुटतो?

मग गोठ्याच्या आढ्यावर बसलेला एक राघू बोलला, "धुरपे, लेकरू गमावलेल्या तीन आयांनी आज सूर्य मावळायच्या आत परकं लेकरू जवळ घेतलं, तर त्यांना पान्हा फुटेल; तिघींनी पाजलं, की शाप सुटेल. नाहीतर सगळी वासरं दगड होतील आणि हे पोरही."

"एवढंच?" धुरपा म्हणाली. वासरू मेलेल्या गायीला पोरकं वासरू लावण्यात तिची हयात गेली होती.

कपिली गायीचं वासरू आदल्या दिवशी मेलं होतं. धुरपाने त्याचं कातडं एका पोरक्या वासराच्या पाठीवर बांधलं. कपिलीने हुंगलं, चाटलं आणि तिचा सड ओला झाला. हे झालं पहिलं.

तांबू मारकुटी, आणि तिच्या वासराला तर केव्हाच पुरलेलं. धुरपाने त्याचं दावं आणि त्याच्याखालचा पेंढा दुसऱ्या वासराच्या अंगावर चोळचोळ चोळला. तांबूने दोन लाथा झाडल्या, मग मुकाट उभी राहिली. हे झालं दुसरं.

"आता तिसरी गाय कोणती?"

"तिसरी गाय नाही," राघू म्हणाला. "तिसरी राणी आहे."

धुरपाला राणीचे शब्द आठवले, हात तोडीन. पण पोराचं रडणं आता ऐकूही येत नव्हतं, नुसते ओठ हलत होते. तिने दासीकडून गेलेल्या राजपुत्राचं अंगडं मागवलं आणि पोराला घातलं.

गायी पान्हावल्याचं ऐकून राणी स्वतःच गोठ्यात आली. धुरपाने पोर तिच्या ओटीत ठेवलं. राणीने अंगड्याला नाक लावलं. मग तिने पोराला पदराखाली घेतलं आणि गोठ्यात घटघट आवाज येऊ लागला.

"कुणाचं आहे हे?" राणीने विचारलं.

"आपलंच, महाराणी."

"खोटं बोलू नकोस. हे अंगडं मीच माझ्या मेलेल्या बाळाच्या अंगावरून काढलं होतं."

धुरपा पाया पडली. "चुकले, महाराणी! गायीला फसवतात, तसं आपल्याला फसवायला निघाले."

तेवढ्यात कपिलीने वैरणीतून तोंड वर काढलं आणि ती माणसासारखी बोलली. "धुरपे, आम्हाला कधी फसवलंस तू? कातडं हुंगलं की कळतं, आपलं गेलं. कातड्याखालचं उपाशी असतं, म्हणून पाजतो."

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं धुरपा आपल्या हुशारीच्या बढाया मारत आली होती, आणि प्रत्येक गायीला सगळं ठाऊक होतं. तिला रडू फुटलं, ते आवरेना.

राणीने हळूच अंगडं काढून बाजूला ठेवलं. पोराला उघड्या अंगानेच छातीशी धरलं आणि पोटभर पाजलं. त्या क्षणी राज्यातल्या गायी एकदम हंबरल्या, आणि दारोदार वासरं लुचू लागली. जादूगार परत आला, नातवाला पाहून ओशाळला आणि त्याला राणीच्याच ओटीत सोडून, तिच्या पायांवर डोकं ठेवून गेला.

धुरपा पुढेही पोरकी वासरं गायींना लावीत राहिली. कातडं मात्र पुन्हा कधी बांधलं नाही. वासरू पुढे करायची, गायीच्या मानेवर हात ठेवायची आणि सांगायची, "बाई, तुझं गेलं. हे दुसरीचं आहे. भुकेलं आहे."

काही गायी नाही म्हणत. बहुतेक हो म्हणत.