गोजराचं मत आणि थांबलेलं पाणी

एक होतं तळं. राजा नव्हता, तळंच होतं. राजा असता तर ही गोष्ट घडलीच नसती, कारण राजाला कुणाकडे मत मागावं लागत नाही. पाय पांघरुणात घ्या, पोरांनो, आणि ऐका.

त्या तळ्यात एक आसरा राहायची. आसरा म्हणजे पाण्यातली बाई. गावाचं सगळं पाणी तिच्या मुठीत. ती गावाला म्हणाली, "तुमच्यातला एक माणूस निवडा. ज्याला बहुमत, त्याच्या हातात मी काठी देईन. काठी वळेल तिकडे पाणी वळेल." बहुमत म्हणजे अर्ध्याहून जास्त मतं, बरं का. नुसता जास्त आरडाओरडा म्हणजे बहुमत नव्हे.

काठीवाल्याला म्हणायचे पाटकरी. दर काही वर्षांनी नवा निवडायचा. तळ्याकाठी पडदा लावायचा, पडद्यामागे दोन मडकी ठेवायची, एक तांबडं, एक पिवळं. एकेकानं आत जायचं, जोंधळ्याचा दाणा टाकायचा आणि गप बाहेर यायचं. कुणी कुठं टाकला ते नवऱ्यानं बायकोला विचारायचं नाही. याला म्हणतात गुप्त मतदान.

मग गावात दोन पक्ष झाले. वरच्या आळीचा तांबडा, खालच्या आळीचा पिवळा. पोर जन्मलं की बारशालाच त्याला रंगाचं टोपडं. माणूस कसा आहे, काय करतो, कुणी बघेना. पागोटं बघायचं आणि दाणा टाकायचा.

गोजराचं शेत होतं पाटाच्या अगदी शेवटी. तांबडा पाटकरी आला की पाणी वरच्या शेतांत मुरायचं. पिवळा आला की त्याच्या सोयऱ्यांकडे वळायचं. गोजराच्या वाफ्यांपर्यंत यायची नुसती ओल. त्या साली तिनं मिरची लावली होती. रोपं जगली नाहीत तर शेत विकून भावाच्या दारात जाऊन राहायचं, एवढंच तिच्यापुढे उरलं होतं.

निवडणूक झाली. गोजरा तळ्यावर आली खरी, पण दाणा मुठीत धरून तशीच परत गेली. दाणे मोजले, तर दोन्हीकडे सारखे. आसरा म्हणाली, "बहुमत नाही. पाणी नाही." आणि पाटातलं पाणी जागच्या जागी थांबलं. काचेसारखं. त्यात मासे अडकले, शेपटी अर्धी वळलेली तशीच. गाव पाटावर वाकून बघत राहिलं.

काय म्हणालीस, मुक्ते? गोजरा कुठल्या पक्षाची? कुठल्याच नाही. ती अपक्ष. उमेदवार अपक्ष असतो तसा मतदारही असतो. फक्त त्याचं नाव कुणी भिंतीवर रंगवत नाही.

सगळ्या गावात एकट्या गोजराचाच दाणा पडायचा राहिला होता. मग तिच्या दारात रांग लागली.

आधी आला तांबड्यांचा उमेदवार रावजी. लांबच लांब कापडावर लिहिलेला जाहीरनामा घेऊन. जाहीरनामा म्हणजे निवडून आल्यावर काय काय करू ते आधीच लिहून देणं. गोजरा म्हणाली, "माझ्या वाफ्याला पाणी कधी ते यात कुठं लिहिलंय? बोट ठेवून दाखव."

"काकू, सगळं यात आलंच की."

"मग बोट ठेव."

रावजीचं बोट कापडावर फिरत फिरत पार टोकाला गेलं आणि खाली लोंबायला लागलं.

मग आला पिवळ्यांचा केरू. त्यानं काढलं लुगडं, जरीच्या काठाचं. पण आसरेची आचारसंहिता होती. निवडणूक लागली की संपेपर्यंत उमेदवारांनी कसं वागायचं याचे ते नियम. कुणी कुणाला काही द्यायचं नाही. केरूनं लुगडं पुढं केलं मात्र, त्याच्या हातात शेवाळाचा गोळा झाला. हिरवा, गिळगिळीत. गोजरा म्हणाली, "तूच नेस आता."

मग आली तिची थोरली जाऊ, यशोदा. ती मात्र रागानं आली नव्हती, रडवेली होऊन आली. "गोजरे, आपलं घर पहिल्यापासून तांबडं. मामंजींचं पागोटं आठव. टाक दाणा आणि मोकळी हो. तुझी रोपं माना टाकतायत, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय. मामंजींचं पागोटं मी जपून ठेवलंय, जाऊबाई. मत माझं आहे."

"आणि मिरची वाळली तर?"

"वाळेल," गोजरा म्हणाली. आणि तिनं तोंड फिरवलं, कारण तिचेही डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळ्यावर गेली. सगळ्या गावासमोर दोघांना म्हणाली, "पाण्यात हात घालून सांगा. पाणी आधी शेवटच्या शेताला, मग वर वर. कोण सांगतो?"

रावजीनं हात पुढं केला. मग मागं वळून बघितलं. "पक्षाला विचारून सांगतो," म्हणाला. हात कोरडाच राहिला.

केरूनं हात घातला. त्याच्याच आळीतली माणसं ओरडली, "अरे, आमचं काय?" तरी त्यानं शब्द दिला. आसरेनं त्याचा हात आतून धरला. म्हणाली, "शब्द पाळेपर्यंत हा हात वाळणार नाही."

मग गोजरा पडद्यामागे गेली आणि बाहेर आली.

केरू पाटकरी झाला. मासे हलले, पाणी धावत सुटलं. केरूचा हात ठिबकतच होता. भाकरी भिजायची, अंथरूण भिजायचं. आणि हरलेला रावजी रोज येऊन सगळ्यांसमोर विचारायचा, "वाळला का रे हात?" याला म्हणतात विरोधी पक्ष. तो जागा असला की काठीवाला झोपत नाही.

पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं त्या दिवशी हात वाळला. गोजराची अर्धी रोपं गेली होती. अर्धी जगली. शेत विकावं लागलं नाही.

मग पिवळे वाजतगाजत आले. "गोजराबाई, आता तुम्ही आमच्या." गोजरानं त्यांना गूळ-पाणी दिलं. म्हणाली, "तुमची नाही. त्यांचीही नाही. पुढच्या खेपेला परत विचारीन."

आणि विचारलंच. तोवर यशोदा शिकली होती, तीही विचारायला लागली. मग तिच्या शेजारणी. पाणी शेवटापर्यंत जात राहिलं, आणि वरची आळी, खालची आळी, सगळी पोटभर जेवून सुखानं नांदली.

पुढच्या खेपेला गोजरानं दाणा कुठल्या मडक्यात टाकला? ते तिनं मलासुद्धा सांगितलं नाही. मिटा डोळे.