वरच्या आळीची नळी

फार पूर्वी, म्हणजे आपल्याला वाटते तितके पूर्वी नसेलही कदाचित, एका उंच आणि थंड गावात एक शास्त्रीबुवा राहत असत. म्हातारपणी ते ही गोष्ट गावातल्या मुलांना सांगत आणि सांगता सांगता अडखळत. तेव्हा गावात घरे एकशेचाळीस होती की एकशेसाठ? त्या साली थंडी लवकर पडली होती, की आपल्याला मागाहून तसे वाटू लागले? दूरच्या पाठशाळेत बारा वर्षे शिकलेला माणूस, पण स्वतःच्या आठवणीवर त्यांचा भरवसा नव्हता. सोयीचे तेवढे माणूस बरोबर लक्षात ठेवतो, असा त्यांना संशय होता. म्हणून जे स्वतःला गैरसोयीचे, तेवढेच ते ठामपणे सांगत.

त्या गावात सरपणाची लाकडे मिळत नसत. झाडे खाली दरीत, दोन कोसांवर. पण गावामागच्या कड्यात एक भेग होती आणि तिच्यातून रात्रंदिवस पेटणारा वारा यायचा. ठिणगी दाखवली की निळी ज्योत धरायचा. गावातल्या नळवाल्याच्या आजोबाने वेळूची पेरे तापल्या सळईने भोसकून त्यांच्या नळ्या केल्या, सांधे ताग आणि लाखेने बुजवले, आणि दगडी फरश्यांखालून तो वारा घरोघरच्या चुलीपर्यंत आणला. तेव्हापासून गावात भाकऱ्या त्याच ज्योतीवर भाजत आणि हिवाळ्यात माणसे तिच्याच उबेला बसत.

नळवाल्याचे घर एकच. कड्यापासूनची वाट इतकी अरुंद, की दुसऱ्या कोणाला शेजारून दुसरी नळी टाकायला जागाच नव्हती. दर सुगीला प्रत्येक घर नळवाल्याला एक पायली धान्य देई. एका साली त्याने दोन पायल्या मागितल्या आणि गावात बोंब झाली. द्यावे तर लूट, न द्यावे तर चूल बंद. मग चावडीवर सगळे जमले आणि म्हणाले, किती द्यायचे ते शास्त्रीबुवांनी ठरवावे. ते शिकलेले आहेत आणि कोणाच्या बाजूचे नाहीत.

शास्त्रीबुवा आठ दिवस झोपले नाहीत. शेवटी त्यांनी ठरवले, की नळवाल्याचा नळ्यांवर जितका खर्च होईल तितके गावाने द्यावे आणि त्याच्या पोटासाठी वर दहावा भाग द्यावा. न्याय सरळ दिसत होता.

नळवाला तेव्हा तरुण होता आणि भोळा तर अजिबात नव्हता. जितका खर्च जास्त तितका दहावा भाग मोठा, हे त्याला शास्त्रीबुवांच्या आधी कळले. त्याने खालच्या आळीच्या चांगल्या नळ्या काढून नव्या घातल्या. जिथे एक नळी पुरे तिथे दोन टाकल्या. सगळ्यांना गेरू फासला. कड्यातल्या भेगेवर कोरीव खांबांचे छत उभारून त्याला घंटा बांधल्या. खालच्या आळीचा तेली चावडीवर म्हणाला, "बुवा, आता नळ्यांची वरातच काढायची राहिली. नवरदेव तुम्ही ठरवा." सगळे हसले. शास्त्रीबुवांना ते हसणे फार लागले.

मग त्यांनी नियम उलटा केला. यापुढे फुटलेली नळी चावडीवर आणून दाखवायची आणि तेवढीच बदलून घ्यायची. जी फुटली नाही तिचे काही मिळणार नाही. देणे पुन्हा एक पायलीवर आले. बायका त्यांच्या घरी तिळाचे लाडू घेऊन आल्या. नळवाल्याने काही वाद घातला नाही. चूक त्याची होती आणि त्याला ती ठाऊक होती.

अशी बारा-पंधरा वर्षे गेली. या नियमाने गावात कधी भांडण झाले नाही, म्हणून नियम चांगला, असे सगळे म्हणत. शास्त्रीबुवाही म्हणत.

एका शरदात नळवाला त्यांच्या ओसरीवर येऊन बसला. आता त्याचेही केस पिकले होते. हातात ठोकायची काठी होती. नळ्यांवरच्या फरश्या उचलायच्या, काठीने नळीवर हलके ठोकायचे आणि आवाज ऐकायचा, ही त्यांच्या घराण्याची रीत. तो म्हणाला, "बुवा, वरच्या आळीची नळी आतून भुगा झालीय. बाहेरून पिवळीधमक दिसते, पण ठोकली की ठण् वाजत नाही, थप् वाजते. तीस कांड्या आहेत, सगळ्या एकाच साली घातलेल्या. जातील त्या एकदमच जातील."

"फुटली आहे का?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"फुटली असती तर फुटकी घेऊनच आलो असतो."

"मग नियमात बसत नाही."

नळवाल्याने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, दोन सुगी घरटी अर्धी पायली जास्त मिळाली तर दरीतून चांगला वेळू आणता येईल, बर्फ पडला की ती वाट बंद होते. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर तो माझाच दोष आहे, मी घंटा बांधल्या होत्या हे मी विसरलेलो नाही. "तुम्ही या. काठी तुमच्या हातात देतो. तुमच्याच कानांनी ऐका."

शास्त्रीबुवा जवळजवळ उठले होते. जोड्यात एक पाय घातलाही होता. पण वरच्या आळीच्या शेवटच्या घरात त्यांची सख्खी थोरली बहीण राहत होती. जर आपण काठी घेऊन त्या आळीत गेलो आणि खाली येऊन म्हणालो की सगळ्यांनी अर्धी पायली जास्त द्या, तर तेली काय म्हणेल ते त्यांना अगदी शब्दशः ऐकू आले. त्यांनी जोड्यातून पाय काढला. म्हणाले, "सुगी होऊ दे. सभेपुढे ठेवतो."

चार दिवसांनी बहीण स्वतःच खाली उतरून आली. सगळे तिला अक्का म्हणत, शास्त्रीबुवाही. लहानपणी आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवले होते, आणि अजूनही ती त्यांच्याशी त्याच सुरात बोलायची. तिने आल्या आल्या त्यांच्या चुलीपाशी हात शेकले आणि म्हणाली, माझी ज्योत करंगळीएवढी झालीय, भाकरी फुगत नाही, टोपल्यात टाकली तर वाजते.

"अक्का, तुझ्या चुलीसाठी मी पायली वाढवली तर लोक काय म्हणतील?"

"माझ्यासाठी नको करूस. माझ्या शेजारणीसाठी कर. ती तर तुझी कोणी लागत नाही ना?"

शास्त्रीबुवा नियमाविषयी काही बोलू लागले. अक्काने ऐकून घेतले, पदराला हात पुसले आणि जाताना एवढेच म्हणाली, "तुला लहानपणी अंधाराची भीती वाटायची, तेव्हा मी दिवा लावायची. आता माणसांची वाटते, त्याला मी काय लावू?"

सुगीनंतर सभा भरली. शास्त्रीबुवांनी नळवाल्याचे म्हणणे मांडले. शब्द एकही गाळला नाही, पण मांडताना आवाज असा ठेवला की ऐकणाऱ्याला कळावे, यांना ते पटलेले नाही. शेवटी म्हणाले, न फुटलेल्या नळीचे धान्य मागण्याचा पायंडा पडला तर पुन्हा घंटा बांधल्या जातील. गावाने माना डोलावल्या. सभा उठताना तेली मोठ्याने म्हणाला, "याला म्हणतात न्याय. सख्खी बहीण वर राहते, तरी बुवा ढळले नाहीत." शास्त्रीबुवांना त्या वेळी बरे वाटले. पुढे हेच वाक्य त्यांना जेवताना, पूजा करताना, मध्येच केव्हाही आठवे.

पौषात नळी गेली. पहाटे वरच्या आळीच्या तोंडाशी एक सांधा सुटला, मग त्याच्या शेजारचा, मग एकामागून एक. पेटणारा वारा फरश्यांमधून सुटू लागला. एक ठिणगी पडती तर आळीच गेली असती. नळवाला काळोखात कड्यावर चढला आणि भेगेवरची दगडी झडप त्याने लावून टाकली. तीन दिवस सबंध गावात चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी, वरच्या आळीच्या नळीचे तोंड बुजवून झाल्यावर, खालच्या आळ्यांना ज्योत परत मिळाली. वरच्या आळीला द्यायला वेळू नव्हता. दरीची वाट बर्फाने बंद झाली होती.

गाव वाईट नव्हते. वरच्या आळीची माणसे खालच्यांनी आपापल्या घरात घेतली. तेल्याच्या घरी तर दोन कुटुंबे होती. पण ज्याला त्याला कोणावर तरी रागवायचे होते. नळवाला बोलला तसेच झाले, म्हणजे त्यानेच सांधा फोडला असेल, आपला शब्द खरा करायला. असे कोणीतरी म्हणाले आणि ते पसरले. शास्त्रीबुवा त्याला हो म्हणाले नाहीत. नाही, असेही म्हणाले नाहीत. मनातून त्यांना ते खरे असावेसे वाटत होते.

अक्का त्यांच्या घरी आली होती, पण त्या तीन दिवसांची थंडी तिच्या छातीत बसली होती. ती चुलीसमोर पडून असे. भावाला तिने एक शब्द टोचून म्हटला नाही. उलट म्हणायची, तुझी ज्योत चांगली आहे रे, भाकरी कशी टम्म फुगते. तिने बोल लावावा म्हणून शास्त्रीबुवा वाट पाहत राहिले. शिमग्याच्या आधी ती गेली.

त्यानंतर शास्त्रीबुवांनी चावडीवर उभे राहून सांगितले, की निवाडा चुकला, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या भीतीने चुकला. नवा नियम त्यांनी साधा केला. दर शरदात भाव ठरवणारा आणि नळवाला, दोघांनी मिळून प्रत्येक फरशी उचलायची, आळीपाळीने काठी मारायची आणि दोघांनाही थप् ऐकू आले ती नळी फुटण्याआधी बदलायची. घंटांना धान्य नाही. अर्धी पायली वाढली. लोक कुरकुरले आणि देऊ लागले. नळवाला पुढची दोन वर्षे त्यांच्याबरोबर हिंडला. चांगली आणि भुगा झालेली यांतला आवाज त्याने त्यांना शिकवला. त्या अफवेविषयी तो बोलला नाही आणि शास्त्रीबुवांना विचारायचा धीर झाला नाही. मग तोही वारला.

बऱ्याच वर्षांनी, तोवर ओस पडलेल्या वरच्या आळीत पुन्हा माणसे राहायला जाऊ लागली, तेव्हा जुनी नळी काढायला घेतली. वृद्ध शास्त्रीबुवा फरशीवर बसून एकेक कांडी बघत होते. खालून एकोणीस निघाल्या, त्यांचा हातात धरताच भुगा झाला. त्यापुढच्या, अक्काच्या दारापर्यंतच्या, घट्ट होत्या. त्या एका बाजूने धुराने काळ्या पडल्या होत्या आणि त्यांवर गुरांची दावी बांधून पडलेले वळ होते. नळवाल्याच्या मुलीला बोलावले. तिने एक कांडी हातात घेतली आणि म्हणाली, ही आमच्या गोठ्याच्या छपराची. त्या साली सभा झाल्यावर बाबांनी छप्पर उतरवले. म्हणाले, टोकाला ज्योत सगळ्यात कमी आहे, तिथून सुरू करतो. आमची म्हैस त्या हिवाळ्यात अंगणात उभी होती.

शास्त्रीबुवांनी त्या कांड्या स्वतः दोनदा मोजल्या. अकरा होत्या. अकरापुढे गोठ्याला वेळूच नव्हता.

तात्पर्य, बाळांनो, एवढेच: सगळ्यांच्या चुलीचा भाव ठरवणाऱ्याने जमिनीखाली झिजणारेही मोजावे, आणि आपल्यावर कोणी बोट दाखवेल या भीतीने दिलेल्या निवाड्याला निःपक्षपात म्हणू नये.