नकाशाची गिरवणी

त्या राज्यात जग केवढे आहे हे नकाशा पाहून ठरत असे. नकाशा फार जुना, कुणा अनाम पूर्वजाने हाताने काढलेला. मधोमध राज्य, भोवती समुद्र, आणि समुद्रात इतरांचे देश. दमट हवेने त्याची शाई फिकट होई, म्हणून दर साली थंडी सरताना सगळ्या रेघा पुन्हा गिरवण्याचा सोहळा होई. नियम एकच होता. राज्याची रेघ जुन्या रेघेच्या आत जाता कामा नये, कारण तो पूर्वजांचा अपमान. बाहेर गेली तर कुणाची हरकत नसे. इतरांच्या रेघा आत सरकल्या तरीही हरकत नसे, कारण हरकत घ्यायला ते तिथे हजरच नसत.

गिरवण्याचा मान साळिंदरांकडे होता, लेखणी त्यांच्या पाठीवरच उगवत असल्यामुळे. सध्याचा मानकरी हरबा साळिंदर. त्याचा हात इतका स्थिर की एकट्याने गिरवले असते तर नकाशा जिथल्या तिथे राहिला असता. पण शेजारी दिवाण सरडा उभा असे. त्याच्या मान डोलावण्यावर सगळे राज्य चाले. "जरा मोकळ्या हातानं, हरबा," तो म्हणे, आणि हरबाचा हात मोकळा होई.

अशाने राज्य वाढत गेले आणि नकाशाभोवती गूढे जमू लागली. पूर्वजाने हौसेने समुद्रात काढलेला मासा आता राज्याच्या पिकाऊ रानात आला होता आणि शिडाचे जहाज डोंगरावर चढले होते. दरबारी पंडितांचे काम वटवाघळांकडे होते. त्यांनी उलटे लटकून नकाशाचा अभ्यास केला आणि जाहीर केले की आपल्या पूर्वजांचे मासे जमिनीवर चरत आणि जहाजे डोंगर चढत. ती विद्या पुढे शेजाऱ्यांनी चोरली. हे ऐकून बोकडमहाराजांची दाढी अभिमानाने थरारली. पंडितांना शाली मिळाल्या.

हरबाला या गूढांची उत्तरे ठाऊक होती. पण शाईची रेघ, तिने कुणाचे काय बिघडते, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

त्याची एकुलती एक लेक सगुणा समोरच्या बेटावर दिली होती. स्वच्छ हवेत ते बेट काठावरून दिसे, चुलींचा धूरही दिसे. नकाशावर मात्र ते झिजत झिजत मोहरीएवढे उरले होते. यंदा सगुणाला दिवस गेले होते आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचे होते. नेमकी गिरवणी आधी आली. लेखणी बेटापाशी येताच हरबा थांबला.

"मोकळ्या हातानं," सरडा म्हणाला.

"दिवाणजी, इथं माझी लेक आहे."

"अरे, मग तिला आपल्यात घेऊ की!"

सगळा दरबार हसला. हरबाही हसला, आणि त्याने बेटाच्या पलीकडून रेघ ओढली. त्या हसण्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो धक्क्यावर गेला तर होड्या पालथ्या घालून ठेवलेल्या. पहारेकरी म्हणाला, "बेटापर्यंत आता जमीन आहे. जमिनीवर होडी चालवायला बंदी आहे." मागे लाटा आपटत होत्या, त्यामुळे त्याला ओरडून बोलावे लागत होते.

हरबा दरबारात गेला आणि त्याने महाराजांचे पाय धरले. "महाराज, लेकीचे दिवस भरत आलेत. एकच होडी सोडा."

सरड्याने नकाशावर बोट ठेवले. "तुझी लेक आता राज्यातच आहे. म्हणजे ती माहेरी आलीच म्हणायची. तक्रार कसली?"

हरबाच्या पाठीवरचा काटा न् काटा उभा राहिला. आयुष्यात प्रथमच त्याला राग आला, आणि रागाने त्याला शहाणपण सुचले. तो हात जोडून म्हणाला, "खरंय. मग मी तिला चालतच आणतो. पण महाराज, नव्या जमिनीवर पहिलं पाऊल तुमचंच पडायला हवं. आधी माझं पडलं तर ते शोभायचं नाही."

महाराजांना हे मनापासून पटले. सरड्याने दरबार भरलेला पाहिला आणि मान डोलावली. नाही म्हणायची त्याच्या मानेला सवयच नव्हती.

वाजतगाजत मिरवणूक काठावर आली. महाराजांनी पाऊल टाकले आणि दचकून वर घेतले. "दिवाण, ओलं आहे."

"दव पडलंय, महाराज."

गुडघ्यापाशी पाणी आले तेव्हा वाजंत्रीवाले वाद्ये भिजतील म्हणून परतले. पोटाशी आले तेव्हा पंडितांना आठवले की त्यांना झाडावर काम आहे. सरडा महाराजांच्या शिंगावर चढला आणि नकाशा ओला होऊ नये म्हणून त्याने तो दोन्ही शिंगांवर अंथरला. "पाणथळ भाग आहे," तो म्हणाला, "पुढे पिकाऊ लागेल."

हरबाचे पाय तळापासून केव्हाच सुटले होते आणि तो पोहत होता. तेवढ्यात बेटाकडून एक होडी आली. जावई वल्ही मारत होता आणि सगुणा पोट सांभाळत पुढे वाकली होती. "आबा, किती वाट पाहिली तुमची! हात द्या."

हरबा होडीत पडला आणि लेकीला धरून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "महाराज, तुम्हीही या. जागा आहे."

महाराजांनी आशेने वर पाहिले. सरड्याने नकाशा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. "बसू नका, महाराज. ही होडी जिथून आली म्हणतात, तसं ठिकाणच नाही."

"चल, बाळंतपण तुझ्याच घरी करू," हरबा लेकीला म्हणाला आणि होडी बेटाकडे वळली. मागे पाण्यावर आता दोन शिंगे, एक नाक आणि कोरडा ठणठणीत नकाशा एवढेच दिसत होते. सरड्याने गळ्यात अडकवलेल्या दौतीतल्या शाईत शेपटी बुडवली, लांब जाणाऱ्या होडीचा अंदाज घेतला आणि तिच्याही पुढून एक रेघ ओढली.

"दिवाण," खालून घोगरा आवाज आला, "आपण आलो तरी कुठे?"

"राज्याच्या अगदी मधोमध, महाराज."

महाराजांनी समाधानाने मान हलवली, तेव्हा पाणी त्यांच्या नाकात गेले.